चौथे मत

नियंत्रण-प्रयोगशाळेच्या भिंतीवर चार कुलपे ओळीने बसवलेली होती. तीन कुलपांत किल्ल्या फिरून झाल्या होत्या. चौथी किल्ली डॉ. केतकी खांडेपारकर हिच्या चष्म्याच्या डबीत होती, आणि ती डबी तिने मांडीवर दोन्ही हातांखाली धरून ठेवली होती.

"केतकी, सगळे तुझ्यासाठी थांबलेत," संस्थेचा संचालक डॉ. मंदार साठ्ये म्हणाला.

"मी कुणाला थांबायला सांगितलं नाही. तुम्ही जेवून घ्या."

दारांवरचा अभियंता नौशाद मुकादम खिडकीकडे तोंड फिरवून हसला.

ही दारे म्हणजे केळंबी खाडीच्या मुखाशी उभारलेली सागरद्वारे. समुद्राची पातळी चढू लागल्यापासून केळंबी गावच्या खालच्या बाजारपेठेत भरतीचे पाणी शिरू लागले होते. दारे मिटली की समुद्र बाहेर राही. पण मागून नदीला पूर आलेला असेल तर मिटलेल्या दारांआड नदीच गाव बुडवी. म्हणून केव्हा मिटायचे आणि केव्हा उघडायचे हा निर्णय क्षणोक्षणी घ्यावा लागे. आजवर तो माणसे घेत होती. आता तो तीन संगणकांच्या मतदानावर सोपवायचा होता. तीन यंत्रे, तीन वेगवेगळ्या गटांनी एकमेकांशी न बोलता लिहिलेल्या तीन आज्ञावली. दोन यंत्रे म्हणतील तसे दार हलणार.

सत्ता यंत्रांच्या हाती देण्यासाठी चार किल्ल्या लागत होत्या. तीन गटप्रमुखांच्या तीन. त्यांतली पहिली मंदारचीच. चौथी विश्वासार्हता विभागाची. हा विभाग म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि केतकी. महिनाअखेर ती निवृत्त होणार होती. तिच्या जागी येणाऱ्या माणसाने किल्ली फिरवायला आपली हरकत नाही, असे रुजू होण्याआधीच सांगून टाकले होते.

"मग त्याच्याकडूनच फिरवून घ्या," केतकी म्हणाली. "महिनाभराचा तर प्रश्न आहे."

"वादळांचा हंगाम महिनाभर थांबणार आहे का? तुझी अडचण काय आहे?"

"माझी अट तुला माहीत आहे. माझ्या विभागाचं चौथं यंत्र जोडलेलं राहिलं पाहिजे. मी गेल्यावरसुद्धा. त्याचं मत मोजू नका हवं तर. पण ते तिघांशी असहमत झालं, तर दारं आहेत तिथं थांबली पाहिजेत आणि कुणीतरी जाऊन डोळ्यांनी बघितलं पाहिजे."

"अगं, पण ते शंभरात दोनदा चुकतं! आमची यंत्रं हजारात एकदा."

नौशाद आता वळला. तो याच किनाऱ्यावरचा होता; त्याच्या चुलत्यांची दोन दुकाने खालच्या बाजारपेठेत होती. "मॅडम, मला एकदा नीट सांगा. मी दारं बसवणारा माणूस. तीन हुशार पोरांवर एका ढ पोराला देखरेखीला का बसवायचं?"

केतकीने डबी टेबलावर ठेवली, पण हात काढला नाही.

"नौशाद, परीक्षेत तीन मुलांनी एकच गणित चुकवलं, आणि तिघांचं चुकीचं उत्तरही अगदी सारखंच आलं, तर तू काय म्हणशील?"

"कॉपी केली."

"बाकं लांब होती. कॉपी अशक्य."

नौशादने विचार केला. "मग एकाच क्लासला जात असतील."

"हे बघ, याला कळलं," केतकी मंदारला म्हणाली. "तुझा हिशोब काय आहे? एक यंत्र हजारात एकदा चुकतं. तिन्ही एकदम चुकायची शक्यता शंभर कोटींत एक. पण हा गुणाकार कधी चालतो? तिघांच्या चुका एकमेकांशी संबंध नसलेल्या असतील तेव्हा. तिघांचा क्लास एकच असेल, तर ज्या प्रश्नाला पहिला अडखळतो त्यालाच दुसरा आणि तिसरा अडखळतो. मग शक्यता हजारात एकच राहते. तीन यंत्रं विकत घेतलीत, पण मत एकच मिळालं."

"आणि ढ पोरगा?"

"तो शंभरात दोनदा चुकतो, म्हणजे पन्नासात एकदा. पण भलत्याच प्रश्नांना. हजारात एकदा हे तिघं चुकतील, तेव्हा नेमका तोही चुकायची शक्यता पन्नासात एक. म्हणजे चौघं मिळून पन्नास हजारांत एकदा. तो हुशार नाही म्हणून बिघडत नाही, नौशाद. तो वेगळा आहे, एवढंच पुरतं."

"आमचे गट स्वतंत्र आहेत," मंदार म्हणाला. "तीन इमारती, तीन प्रमुख. जेवणाच्या वेळासुद्धा वेगळ्या ठेवल्या होत्या."

"इमारती वेगळ्या आहेत रे. माणसं? सगळे एकाच प्रवेशपरीक्षेतून आलेले. त्याच दोन-चार संस्था, तेच मार्गदर्शक, त्याच नियतकालिकांत निबंध, परदेशात त्याच प्रयोगशाळांत दोन-दोन वर्षं. परत आल्यावर निवड समितीत कोण? याच वाटेनं आधी गेलेले. समिती आपल्यासारखा दिसणारा माणूस निवडते आणि त्याला गुणवत्ता म्हणते. आपल्या पेशाची शिडी आहे ना मंदार, तीच या यंत्रांमधला सामाईक दोष आहे. तुमच्या तारा वेगळ्या आहेत, पण डोकी एकाच ठिकाणाहून जोडलेली आहेत."

हे ती तीस वर्षे सांगत आली होती. दोन आज्ञावली किती वेगवेगळ्या ठिकाणी चुकतात हे मोजण्याची एक रीत तिने तरुणपणीच बसवली होती आणि त्या मापाला भिन्नांक असे नाव दिले होते. दोन्ही आज्ञावली नेमक्या त्याच जागी चुकत असतील तर भिन्नांक शून्य. तिने शेकडो आज्ञावली तपासल्या आणि तिला जे आढळले ते तिच्या पेशाला आवडण्यासारखे नव्हते: लिहिणाऱ्यांची पदे जितकी मोठी, तितका त्यांच्यातला भिन्नांक लहान. हा निबंध तिने छापायला पाठवला तेव्हा तो तीन परीक्षकांकडे गेला. तिघांनी एकच आक्षेप घेतला, आणि तो आक्षेप एकाच चुकीच्या समजुतीवर आधारलेला होता. केतकीने ती तीन पत्रे निबंधाला पुरावा म्हणून जोडली आणि निबंध पुन्हा पाठवला. त्यानंतर तिला बढती मिळाली नाही. ती मागायलाही गेली नाही.

मंदारने खुर्ची ओढली. तो वाईट माणूस नव्हता. केतकीशी भांडताना त्याला नेहमीच आपण कुठेतरी उघडे पडतो आहोत असे वाटे, आणि म्हणून त्याचा आवाज चढे.

"ठीक आहे. परवा अमावास्येची भरती आहे, नदीलाही पाणी आहे. चारही यंत्रं जोडून एक अख्खी भरती-ओहोटी चालवू. तुझं यंत्र अडवेल तिथं दारं थांबतील, नौशाद जाऊन बघेल. उगाच अडवलं असेल, तर तू किल्ली फिरवायचीस आणि ते खोकं घरी घेऊन जायचंस. खरंच काही सापडलं, तर ते कायम राहील. लिहून देऊ?"

"नको. नौशादनं ऐकलंय."

चौथी आज्ञावली लिहिणारी सिसिलिया लोपीस बाहेर उपाहारगृहात बसली होती. प्रयोगशाळेत येण्याची तिला परवानगी नव्हती, आणि ही मनाई मंदारने नव्हे, केतकीने घातली होती.

वसईच्या या मुलीचा प्रबंध दोनदा नाकारला गेला होता. त्यानंतर ती श्रवणयंत्रे दुरुस्त करून पोट भरत होती. केतकीने विद्यापीठांकडे एक विचित्र मागणी केली होती: ज्यांचे संशोधन तुम्ही नाकारले, त्यांची फक्त नावे कळवा. का नाकारले ते कळवू नका. त्या नावांना पाठवलेल्या जाहिरातीतून सिसिलिया आणि तिच्यासारखे आणखी दोघे मिळाले होते.

"नापासांनीच अर्ज करावेत, अशी जाहिरात मी जन्मात पाहिली नव्हती," सिसिलिया चहा ढवळत म्हणाली. "आईनं ती फ्रेम करून लावलीय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते."

"परवा चाचणी आहे."

"ठाऊक आहे. मॅडम, एकदा तरी आमची आज्ञावली आतून बघा ना. तुम्ही आमच्यासाठी एवढ्या भांडता, आणि आत काय आहे ते तुम्हाला माहीतसुद्धा नाही."

"नको."

"वाईट निघेल म्हणून भीती वाटते?"

"आवडेल म्हणून वाटते," केतकी म्हणाली. "आवडली की मी दोन गोष्टी सुचवीन. तू माझ्या वयाचा मान ठेवून त्या करशील. मग ती माझी होईल. आणि मी तर मंदारच्याच वर्गातली आहे, एकाच बाकावरची."

चाचणीच्या दिवशी दूर समुद्रात वादळ होते, पण सकाळपासून दारे नीट हलत होती. भरती आली, दारे मिटली. चारही दिवे हिरवे. दहाच्या सुमारास मात्र चौथे यंत्र एकदम लाल झाले आणि दारे थांबली. नौशाद धावत जाऊन पाहून आला. मासळीची एक मोठी नौका पुलाखालून वेगाने गेली होती आणि तिच्या लाटांनी यंत्र बिचकले होते.

"होडीला घाबरलं!" मंदार म्हणाला. मागे बसलेले दोघे गटप्रमुख मोकळेपणी हसले.

"चुकलं," केतकी म्हणाली. "ही एक चूक धरा."

"मग किल्ली?"

"अख्खी भरती-ओहोटी ठरली होती. ओहोटी राहिलीय."

दुपारी नदीचे पाणी वाढले. डोंगरात रात्रभर पाऊस झाला होता आणि तो आता खाली पोचत होता. मिटलेल्या दारांआड खाडी फुगू लागली. बाजारपेठेतल्या खालच्या पायऱ्या बुडाल्याचा फोन आला. सगळे ओहोटीची वाट पाहत होते. समुद्र आतल्या पाण्यापेक्षा खाली गेला की दारे उघडून नदीला वाट द्यायची होती. दारांच्या बाहेरच्या अंगाला बसवलेला पातळीमापक समुद्र उतरत असल्याचे दाखवत होता. पडद्यावरची रेघ खाली खाली येत तळाला टेकली आणि आडवी झाली.

"ओहोटीचा तळ," मंदार म्हणाला. "आता पाणी थोडा वेळ स्तब्ध राहील. उघडा."

पहिले यंत्र: उघडा. दुसरे: उघडा. तिसरे: उघडा.

चौथे यंत्र: मिटलेली ठेवा.

दारांवरच्या केबिनमधून फोनवर नौशादचा आवाज आला. "साहेब, दारं अडकलीत. काय करू? आत पाणी चढतंय. चाचाच्या दुकानाच्या उंबऱ्याला लागलंय, आत्ताच फोन आला."

मंदार उठून केतकीच्या पडद्यापाशी आला. "तू बघ. तूच बघ. भरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे आत्ता ओहोटी आहे. मापक ओहोटीच दाखवतोय. रेघ स्तब्ध आहे, तळाला ती स्तब्धच असते. तीन यंत्रं म्हणतायत उघडा. यात चूक कुठं आहे?"

केतकीने पाहिले. आकडे पाहिले, रेघ पाहिली, वेळापत्रक पाहिले. पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

"मला चूक दिसत नाही," ती म्हणाली.

"तुझं स्वतःचं मत काय? प्रामाणिकपणे सांग."

"उघडावीत."

"देवा!" मंदारने हात जोडले. "मग उघडू दे!"

"नाही."

"केतकी!"

"मला उघडावीशी वाटतात म्हणूनच उघडायची नाहीत." ती हाताने दार उघडण्याच्या दांड्यासमोर जाऊन उभी राहिली. "आपण दोघं एकाच वर्गात शिकलो, मंदार. माझं मत हे पाचवं मत नाही. ते तुझंच मत आहे, दुसऱ्या तोंडून आलेलं. मी तीस वर्षं जे सांगतेय ते खरं असेल, तर या क्षणी या खोलीतल्या कुणालाच चूक दिसणार नाही. मलासुद्धा नाही."

"आणि ते खोटं असलं तर? पुन्हा होडीला घाबरलं असलं तर? गाव बुडेल तुझ्या हट्टापायी!"

"बुडेल," केतकी म्हणाली. "म्हणून वेळ घालवू नकोस. नौशाद! कॅमेऱ्यात काय दिसतंय?"

"काही नाही मॅडम. काचेवर खाऱ्या पाण्याचा थर आहे, सगळं पांढरं."

"समुद्राच्या बाजूच्या खांबावर रंगवलेली मापपट्टी आहे ना, तिच्यापर्यंत जाऊन बघ. मापकावर विश्वास ठेवू नकोस. आम्ही काय म्हणतोय तेही विसर. पाणी कुठं आहे तेवढं सांग."

"तिकडं वारा फार आहे. जातो."

मंदारचा हात दांड्याच्या दिशेने पुढे आला. संचालक म्हणून त्याला तो अधिकार होता. केतकी पाऊणशे पावसाळे पाहिल्यासारखी थकलेली दिसत होती, आणि बाजूला होत नव्हती.

"मला उचलून बाजूला ठेव," ती म्हणाली. "नाहीतर ऐक."

फोनमधून वाऱ्याचा आणि लोखंडी जिन्यावरच्या पावलांचा आवाज येत होता. मग पावले थांबली. मग बराच वेळ नुसता वारा.

"मॅडम!" नौशाद ओरडला. "उघडू नका! कुणी हात लावू नका! समुद्र चढलाय. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा पुरुषभर वर आहे. कसली ओहोटी? वादळ दूर होतं ना, त्यानं ढकललंय सगळं इकडं. आणि हा मापक... याच्या तरंगत्या गोळ्याला कालवं चिकटलीत. जड होऊन बुडत गेला तो तळाशीच अडकून बसलाय. तळाचाच आकडा दाखवतोय अजून!"

मंदार सावकाश खुर्चीवर बसला. दारे उघडली असती तर समुद्राचा लोंढा पुराच्या पाण्यावर चढून सरळ बाजारपेठेत गेला असता. उंबऱ्याला लागलेले पाणी छताला लागले असते. गाव रिकामे करायला अजून वेळ होता. फोन सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी, पूर ओसरल्यावर, केतकीने मनाई उठवली. सिसिलिया प्रथमच प्रयोगशाळेत आली आणि चारही आज्ञावली शेजारी शेजारी ठेवून उघडण्यात आल्या.

तिन्ही गटांनी आलेले आकडे वाचण्याआधी पहिली गोष्ट एकच केली होती: खरखर काढून टाकली होती. लाटांमुळे मापकाचा आकडा सतत बोटभर वर-खाली होतो. ती थरथर गाळून स्वच्छ रेघ करायची, मग विचार करायचा. मंदारला आपल्या परांजपे सरांचा पहिला तास आठवला. हे त्यांचेच वाक्य. केतकीलाही आठवले. दोघांनी ते एकाच वहीत उतरवून घेतले होते, कारण त्या दिवशी केतकी वही विसरली होती.

"समुद्र कधी स्तब्ध नसतोच हो सर," सिसिलिया म्हणाली. "ओहोटीच्या तळालासुद्धा बोटभर हलतो. तुम्ही खरखर धुऊन काढलीत, मग जिवंत मापक आणि मेलेला मापक सारखेच दिसणार. आम्ही धुतच नाही. खरखर थांबली की आम्ही समजतो मापक गेला. श्रवणयंत्राचंही तसंच असतं. कान लावला आणि बारीक खरखर आली नाही, तर ते शांत नाही, बंद पडलंय."

"तुमचा प्रबंध का नाकारला होता?" मंदारने विचारले.

"दोन्ही वेळा एकच शेरा. आकडेवारी स्वच्छ केलेली नाही."

मग मंदारने शब्दाप्रमाणे चौथे यंत्र कायम केले, आणि शब्दापेक्षा पुष्कळ जास्तही केले. सिसिलियाला नेमणूक दिली. तिची रीत अभ्यासक्रमात घेतली. तिन्ही यंत्रांच्या आज्ञावली त्या रीतीने नव्याने लिहायचे ठरले. केतकीसाठी पाच वर्षांची मुदतवाढ आणि नवा विभाग मागून आणला.

"नको," केतकी म्हणाली.

"आता तरी घे गं. तू जिंकलीस."

"म्हणूनच नको. आता मी जे बोलेन ते सगळे ऐकतील. आणि सिसिलिया, तूही विचार कर. तुझी रीत सगळ्यांना शिकवली, की चौथं मत उरत नाही."

सिसिलियाचा चेहरा लाल झाला. "मॅडम, आयुष्यभर नाही म्हणाले मला. आता हो म्हणतायत, तर तुम्ही म्हणता विचार कर? आईला काय सांगू, दुसरी फ्रेम करू नकोस म्हणून?"

माणसाला कायम दाराबाहेर ठेवून गाव वाचवायचे, हा हिशोब केतकीच्या भिन्नांकात कधी आलाच नव्हता. "घे," ती शेवटी म्हणाली. "तुझा हक्क आहे. पण चौथी किल्ली माझ्याकडे राहू दे. निवृत्तीनंतरही."

मंदारने ती राहू दिली.

पुढे काही वर्षांनी उत्तरेकडच्या दोन खाड्यांवर नवी दारे उभी राहिली. केतकी पांढऱ्या केसांनी आणि काठी टेकत त्याच प्रयोगशाळेत आली. भिंतीवर चार कुलपे होती, तीन फिरलेली. प्रकल्पप्रमुख डॉ. सिसिलिया लोपीस हिने तिला खुर्ची दिली.

"मॅडम, सगळे तुमच्यासाठी थांबलेत."

"तुम्ही जेवून घ्या," केतकी म्हणाली. "चौथं यंत्र कुणाचं आहे?"

"माझ्या विद्यार्थ्यांचं. उत्तम आहे. चौथं आता हजारात एकदासुद्धा चुकत नाही."

"भिन्नांक किती?"

सिसिलियाने आकडा सांगितला नाही. पडदा केतकीकडे वळवला. चारही यंत्रांमध्ये तो जवळजवळ शून्य होता.

"चौघंही खरखर राखतात," सिसिलिया हळू आवाजात म्हणाली. "तेच बरोबर आहे, मॅडम. तुम्ही स्वतः पाहिलंत."

"पाहिलं. आता सांग, आतली तार सैल झाली आणि मेलेला मापक त्या तारेमुळे थरथरायला लागला, तर तुमची चार यंत्रं काय म्हणतील?"

सिसिलिया पुन्हा पडद्याकडे वळली. "म्हणतील, जिवंत आहे."

"हे कुणी तुम्हाला सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. साठ्ये सरांनी. निवृत्तीनंतर निबंध पाठवला होता त्यांनी, थोडं तरी धुवायलाच हवं म्हणून. तो परीक्षकांनी..." ती थांबली. परीक्षक कोण होते हे तिला ठाऊक होते; त्यांत एक ती स्वतः होती. "आम्ही शेरा मारला, आकडेवारी धुतलेली आहे."

केतकीने फोन काढला आणि टेबलावर मोठ्या आवाजात लावला.

"मंदार, तुझा निबंध नाकारला म्हणे."

"तिघांनीही," पलीकडून म्हाताऱ्या मंदारचा वैतागलेला आवाज आला. "एकच आक्षेप. एकाही शहाण्याला वेगळं काही सुचलं नाही."

"अभिनंदन. तू पात्र झालास. ये इकडे आणि चौथी आज्ञावली लिही."

"पण मॅडम!" सिसिलिया उभी राहिली. "त्यांची आज्ञावली चुकली होती! तुम्ही दांड्यासमोर उभ्या राहिल्या नसतात तर केळंबी गेलं असतं! आता त्यांच्या मतानं आमची दारं अडणार? ते परत चुकतील!"

"चुकेल की." केतकीने चष्म्याची डबी उघडली, किल्ली आहे याची खात्री केली आणि डबी पुन्हा मिटली. "पण तुम्ही चुकाल तिथं नाही. तो येईपर्यंत ही फिरणार नाही. मला उचलून बाजूला ठेवायचं असेल तर ठेव."

सिसिलियाने डबीकडे पाहिले, मग भिंतीवरच्या चौथ्या कुलपाकडे. ती खाली बसली.

फोनवर थोडा वेळ फक्त तारेची बारीक खरखर होती. मग मंदार म्हणाला, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्याच्या आवाजात हुरूप होता, "केतकी, पहिला मसुदा झाला की लगेच तुला दाखवतो."

"मला दाखवू नकोस," केतकी म्हणाली.